वैनगंगेच्या रानातील मोगली

वैनगंगा सिवनी जिल्ह्यात उगम पावते नि गडचिरोलीला बिलगून वाहत पुढे वर्धेला मिळते. किपलिंगने मोगली वाढविला तो तिच्याच वरच्या अंगाच्या रानात. झोल्टान कोर्डाने १९४२ साली हे रान ‘जंगल बुक’ या हॉलीवूडपटात दाखविले, परंतु कॅलिफोर्नियात उभारून! मोगली झाला साबू, म्हैसूर संस्थानातील माहुताचा मुलगा. त्याची आई मात्र अमेरिकन रोझमेरी डीकॅम्प, आणि शिकारी बलदेव माल्टात जन्मलेला जोसेफ कॅलिया. चेहरे रंगवून भारतीय घडविण्याची तेव्हा रूढीच होती. १९३९ च्या ‘गंगा दीन’मधील पाणक्यादेखील न्यूयॉर्कचा सॅम जाफे.

साबूचाच, लंडनच्या कंपनीने काढलेला ‘द ड्रम’ १९३८ साली मुंबईत लागला, तेव्हा साम्राज्याची ती भलावण लोकांना खपली नाही. निदर्शने होऊन त्याचे खेळ बंद पडले. ते योग्यच झाले. आम्हांला मात्र दुसरी उणीव अधिक सलते. किपलिंगने १८९५ च्या दुसऱ्या ‘जंगल बुका’त एक गोंड शिकारी आणला आहे, आणि त्याच्या लोकांना या भूमीचे मूळ धनी म्हटले आहे. कोर्डाच्या प्रमुख पात्रांत न्हावी आहे, पंडित आहे, गोंड नाही.