उलटे वाचलेले नाव : सिंगापूरच्या शाळांतील ‘ट्रिम अँड फिट’ (१९९२–२००७)

१/ एका देशाने आपल्या सर्व सरकारी शाळांतील मुलांचे वजन कमी करण्याचा विडा उचलला. पंधरा वर्षे ती मोहीम शिस्तीने चालली आणि कागदावरचे आकडे खरोखरच खाली आले. तरीही शासनाने ती स्वतःहून मोडीत काढली. यशस्वी ठरलेली योजना बंद का पडावी, हा आजच्या धाग्याचा विषय. 🧵

२/ प्रथम थोडे मागे जाऊ. शाळकरी मुलाला वजनकाट्यावर उभे करण्याची प्रथा मुलांच्या कळवळ्यातून जन्मलेली नाही. तिचा उगम सैन्यभरतीच्या रांगेत आहे. बोअर युद्धाच्या काळात (१८९९–१९०२) ब्रिटनमधील औद्योगिक शहरांतून भरतीसाठी आलेले तरुण मोठ्या संख्येने अपात्र ठरले. कोणी खुजा, कोणी छातीने अरुंद, कोणाचे दात किडलेले. साम्राज्य हादरले. ‘शारीरिक ऱ्हासा’ची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या समितीने १९०४ मध्ये अहवाल दिला. त्यापाठोपाठ १९०६ मध्ये शाळेतील भोजनाचा कायदा आला आणि १९०७ मध्ये विद्यार्थ्यांच्या वैद्यकीय तपासणीचा. तेव्हाची चिंता मुले हडकुळी असल्याची होती. उद्याचा सैनिक आज शाळेच्या बाकावर बसलेला आहे, हा विचार मात्र तेव्हापासून शासनांच्या मनात घर करून राहिला.

३/ आता सिंगापूर. १९६५ मध्ये स्वतंत्र झालेले हे चिमुकले बेट. ना शेतजमीन, ना खनिजे, ना युद्धात मागे सरकायला जागा. १९६७ मध्ये तेथे सक्तीची लष्करी सेवा लागू झाली. अठरा वर्षांचा प्रत्येक तरुण गणवेशात. अशा देशात नागरिकाचे शरीर ही त्याची एकट्याची बाब राहत नाही. १९८२ पासून शाळांमध्ये ‘नाफा’ ही शारीरिक क्षमता चाचणी सुरू झाली. सिट-अप्स, जागेवरून लांब उडी, पुल-अप्स, शटल रन आणि शेवटी २.४ किलोमीटरची धाव (धाकट्यांसाठी १.६). या चाचणीत चांगली श्रेणी मिळवणाऱ्या मुलग्याची पुढील लष्करी सेवाही काहीशी कमी होत असे, आणि अतिस्थूल तरुणाच्या वाट्याला अधिक आठवड्यांचे मूलभूत प्रशिक्षण येई. शाळेचे मैदान आणि छावणी यांच्यातील अंतर फारसे नव्हते.

४/ नव्वदच्या दशकारंभी हा देश श्रीमंत झाला होता. नोव्हेंबर १९९० मध्ये ली क्वान यू यांच्यानंतर गोह चोक टोंग पंतप्रधान झाले. आईबाप दोघेही नोकरीवर, जेवण बाहेरचे, हाती पैसा, घरी टीव्ही. एका पिढीपूर्वी जी मुले पुरेसे खात नाहीत म्हणून काळजी होती, त्यांचीच मुले आता जास्त खातात म्हणून काळजी सुरू झाली. १९९२ मध्ये राष्ट्रीय आरोग्यदायी जीवनशैली कार्यक्रम आला आणि त्याच वर्षी शिक्षण मंत्रालयाने शाळांसाठी ‘ट्रिम अँड फिट’ ही योजना आणली. संक्षेप : टी, ए, एफ. म्हणजे ‘टॅफ’.

५/ ही तीन अक्षरे उलटी वाचा. एफ, ए, टी. नाव ठेवणाऱ्यांच्या हे ध्यानात आले नसावे, असे मानणेच सभ्यपणाचे होईल. आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या ध्यानात ते पहिल्याच दिवशी आले.

६/ योजनेचे स्वरूप असे होते. दरवर्षी प्रत्येक विद्यार्थ्याची उंची व वजन मोजायचे. त्या उंचीला प्रमाण मानलेल्या वजनाच्या १२० टक्के किंवा त्याहून अधिक भरलेले मूल ‘अतिवजनी’. अशा मुलांचा वेगळा गट करायचा, ज्याला सर्रास ‘टॅफ क्लब’ म्हटले जाई. शाळा भरण्यापूर्वी, मधल्या सुट्टीत किंवा शाळा सुटल्यावर या गटाने धावायचे, दोरीवरच्या उड्या मारायच्या, कवायत करायची. बाकीची मुले रांगेत उभी राहून नूडल्स घेत असताना हा गट मैदानाला फेऱ्या मारताना सर्वांना दिसे. काही शाळांनी तर उष्मांकांची कूपने काढली. कूपनात बसेल तेवढेच उपाहारगृहातून घ्यायचे. उपाहारगृहांवरही बंधने आली. तळलेले पदार्थ कमी, पेयांतील साखरेला मर्यादा. हा भाग सर्व मुलांना सारखाच लागू होता, आणि योजनेतील तो सर्वांत शहाणपणाचा भाग होता.

७/ ‘क्लब’ या शब्दाचाही विचार करण्याजोगा आहे. मंडळात माणूस आपणहून जातो. येथे वजनकाटा नाव नोंदवत असे आणि वजन उतरल्याशिवाय ते खोडले जात नसे. शिवाय शाळांनाही पारितोषिके होती. अतिवजनी विद्यार्थ्यांचे प्रमाण किती आणि नाफा उत्तीर्ण होणारे किती, यावरून शाळेचा गौरव ठरे. साहजिकच प्रत्येक जाड मूल हे शाळेच्या टक्केवारीवरचे ओझे झाले. शिक्षक दुष्ट होते असे मुळीच नाही. मात्र ज्या आकड्यावर संस्थेची प्रतिष्ठा टांगलेली असते, त्या आकड्यामागचे माणूस हळूहळू दिसेनासे होते, आणि येथे ते माणूस दहा वर्षांचे होते.

८/ आणि निकाल? मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार अतिवजनी विद्यार्थ्यांचे प्रमाण १९९२ मध्ये सुमारे १४ टक्के होते, ते २००२ मध्ये ९.८ टक्क्यांवर आले. नाफा उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ५८ टक्क्यांवरून ८० टक्क्यांच्या आसपास गेले. ज्या दशकात जगभर बालकांतील स्थूलता वाढत होती, त्या दशकात एका देशात ती उतरली. जगातील आरोग्यतज्ज्ञांनी सिंगापूरकडे कौतुकाने पाहिले यात नवल नाही.

९/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबावे. योजना एकाच वेळी देशभर लागू झाली होती. तुलनेसाठी योजनेबाहेरच्या शाळांचा गट ठेवलेला नव्हता. त्यामुळे घट फेऱ्यांमुळे झाली, उपाहारगृहातील बदलांमुळे झाली, की देशभरच्या आरोग्य मोहिमेमुळे, हे या आकड्यांवरून वेगळे काढता येत नाही. शिवाय ते शाळेत असेपर्यंतचे वजन सांगतात. दाखला हाती पडल्यावर त्या मुलांचे पुढे काय झाले, याबद्दल ते मूक आहेत.

१०/ आणखी एक गोष्ट कोणत्याही तक्त्यात नव्हती : चिडवणे. मधल्या सुट्टीत मैत्रिणींपासून वेगळे काढले गेल्याची लाज, वजनाच्या दिवशी उपाशी राहून आलेली मुले. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून सिंगापुरात ॲनोरेक्सियाच्या म्हणजे स्वतःची उपासमार करण्याच्या विकाराच्या रुग्णांत वाढ दिसू लागली, आणि २००५ च्या सुमारास पालक, डॉक्टर व वृत्तपत्रे टॅफकडे बोट दाखवू लागली. टॅफमुळेच हा विकार होतो, असे सिद्ध झाले नव्हते. हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. असा विकार एका कारणाने जडत नाही. पण ज्या वयात शरीर बदलते आणि आरशाची भीती वाटू लागते, नेमक्या त्याच वयात शाळेने सर्वांसमक्ष त्या शरीरावर शिक्का मारावा का, हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा राहिला नाही.

११/ मार्च २००७ मध्ये मंत्रालयाने टॅफ बंद करून त्याजागी ‘होलिस्टिक हेल्थ फ्रेमवर्क’ आणत असल्याचे जाहीर केले. आता शारीरिक, मानसिक व सामाजिक आरोग्य एकत्र पाहायचे आणि कार्यक्रम अतिवजनी मुलांपुरता न ठेवता सर्वांसाठी ठेवायचा, असे ठरले.

१२/ हा घोळ सिंगापूरपुरता नाही. अमेरिकेतील आर्कान्सॉ राज्याने २००३ च्या कायद्यान्वये विद्यार्थ्यांचा बीएमआय मोजून पालकांना घरी पत्रे पाठवणे सुरू केले. २००७ मध्ये तेथील कायदा सैल करावा लागला. इंग्लंडमध्ये २००५-०६ पासून प्राथमिक शाळेच्या पहिल्या व शेवटच्या वर्षी मुलांचे वजन होते, आणि घरी येणाऱ्या पत्रांवरून तेथेही पालकांचा संताप होत राहिला. पुढे कॅलिफोर्नियात सुमारे २८ हजार विद्यार्थ्यांवर रीतसर प्रयोग झाला. अशी पत्रे पाठवून मुलांचे वजन कमी झाले नाही. वजन मोजण्याने काही मुलांचे स्वतःच्या शरीराविषयीचे असमाधान तेवढे वाढले. गंमत म्हणजे बीएमआयचे गणित मांडणारा केटले हा बेल्जियन खगोलशास्त्रज्ञ व संख्याशास्त्रज्ञ एकोणिसाव्या शतकात लोकसमूहाची सरासरी शोधत होता. एखाद्या मुलीच्या दप्तरातून हा आकडा घरी जाईल, हे त्याच्या स्वप्नातही नसेल.

१३/ मग टॅफ गेल्यावर सिंगापुरात सारे सुरळीत झाले का? नाही. अतिवजनी विद्यार्थ्यांचे प्रमाण पुन्हा चढू लागले. २०१३ मध्ये ११ टक्के, २०१७ मध्ये १३ टक्के. टॅफचे जुने समर्थक हे आकडे दाखवतात, आणि ते खोटे नाहीत. टॅफ क्लबमध्ये बालपण घालवलेली आणि आता तिशी-चाळिशीत असलेली माणसे त्याला स्वतःच्या आठवणींनी उत्तर देतात. त्याही खोट्या नाहीत.

१४/ मंत्रालयाने मात्र टॅफ परत आणले नाही. त्याऐवजी उपाहारगृहांच्या ताटाकडे मोर्चा वळवला : भात वा नूडल्स, भाजी, फळ आणि मांस-मासे यांचे प्रमाण ठरवलेले जेवण, सर्वांना सारखे. वजन आजही होते. फार अधिक भरलेल्या मुलाला विद्यार्थी आरोग्य केंद्राची चिठ्ठी मिळते आणि ते आईवडिलांसोबत तेथे जाते. मधल्या सुट्टीत मैदानाला फेऱ्या मारणारा तो गट तेवढा आता दिसत नाही.