रस्त्यापासून नदीपर्यंत

सार्वजनिक इमारत म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र उभे राहते. समोर उंच पायऱ्या, दारात स्टूल टाकून बसलेला शिपाई, भिंतीवर ‘विनापरवानगी आत येऊ नये’ अशी पाटी आणि पानाच्या पिचकाऱ्यांनी रंगलेला जिन्याचा कोपरा. नावाला सार्वजनिक, पण आत पाऊल टाकताना माणूस उगीचच अंग चोरतो. असे का व्हावे, याचा विचार गेले काही दिवस मनात घोळत होता. तो आज लिहून काढते आहे.

आपल्याकडे सार्वजनिक जागा काही नव्या नाहीत. गावाचा पार, चावडी, धर्मशाळा, देवळाचा सभामंडप, नदीचा घाट या साऱ्या सार्वजनिकच. पाराला दार नसते आणि घाटाला कुंपण नसते. (अर्थात सर्वांना सर्वत्र मुभा होती असे मात्र नाही. जातीच्या भिंती दगडाच्या भिंतींहून उंच होत्या, हे विसरून चालणार नाही.) पण बांधकामापुरते बोलायचे तर एक गोष्ट लक्षात येते. या जागा जिथे बांधल्या तिथल्याच असत. घाट बांधणारा आधी नदीचे पाणी पावसात कुठवर चढते ते बघे. सभामंडप बांधणारा कीर्तनाला किती माणसे बसतात त्याचा अंदाज घेई. दगड जवळच्या खाणीचा, लाकूड जवळच्या रानातले.

इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सार्वजनिक बांधकाम खाते सुरू केले आणि नमुना नकाशांचा काळ आला. कचेरी, विश्रामगृह, तुरुंग, शाळा, सगळ्यांचे नकाशे कार्यालयात तयार होऊ लागले. तरीही त्या साहेबांना इथल्या उन्हाची धास्ती होती, म्हणून त्यांच्या इमारतींना रुंद व्हरांडे, उंच छपरे आणि कौले असत. स्वातंत्र्यानंतर सिमेंटचा स्लॅब आला आणि तीही अडचण उरली नाही. एकच नकाशा रत्नागिरीलाही चालू लागला आणि लातूरलाही!

मी कोकणातही शिकवले आणि घाटावरही. कोकणातल्या एका शाळेत जुनी कौलारू इमारत आणि नवा स्लॅबचा वर्ग शेजारी शेजारी होते. आषाढात नव्या वर्गात पाणी गळे आणि आम्ही बाके ओढून मधोमध आणत असू. जुन्या इमारतीत मुले कोरडी बसत. नकाशा काढणाऱ्याने तो पाऊस कधी पाहिलाच नसावा. पुढे घाटावर बदली झाली तर तिथेही तोच सपाट स्लॅब, आणि एप्रिलमध्ये तो असा तापे की दुपारचे तास आम्ही लिंबाखाली घेत असू.

या पार्श्वभूमीवर मला चार्ल्स कोरिया या वास्तुशिल्पीचे काम फार मोलाचे वाटते. कोरियांचा जन्म १९३० चा, सिकंदराबादचा. घराणे मूळचे गोव्याचे. अमेरिकेत शिकून ते मुंबईला आले आणि १९५८ मध्ये त्यांनी स्वतःचा व्यवसाय सुरू केला. त्याच सुमारास त्यांच्याकडे एक मोठे काम आले, ते म्हणजे अहमदाबादच्या साबरमती आश्रमातील गांधी स्मारक संग्रहालय. वय अवघे अठ्ठावीस!

गांधीजींचे स्मारक म्हटल्यावर एखाद्याने संगमरवरी घुमट उभा केला असता. कोरियांनी शेजारच्या ‘हृदयकुंज’कडे पाहिले. गांधीजी ज्या घरात राहिले ते घर कसे आहे? साधे, बैठे, कौलारू. मग संग्रहालयही तसेच झाले. सहा मीटर लांब आणि सहा मीटर रुंद असे चौक त्यांनी एकमेकांना जोडत नेले. काही चौकांना भिंती, काही नुसतेच खांबांवर छत असलेले, काही आकाशाला मोकळे. मध्ये पाण्याचा चौक. विटांचे खांब, कौले, दगडी फरशी. खिडक्यांना काच नाहीच, लाकडी झडपा. वारा आणि उजेड आत येतात, ऊन बाहेर राहते. पुढे संग्रह वाढला तर आणखी चौक जोडता यावेत अशी सोय मांडणीतच आहे. १९६३ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. गांधीजींची हजारो पत्रे जिथे जपली आहेत त्या वास्तूत शिरताना कुणालाही चपला सांभाळत दबकत जावे लागत नाही, हे मला त्या स्मारकाचे सर्वात मोठे यश वाटते.

आता गोव्याकडे वळते, कारण आजचा मुख्य विषय तोच आहे.

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. तिथल्या माणसांचे नाटकवेड आपल्याला नवे नाही. गावोगावच्या जत्रांत रात्र रात्र मराठी नाटके होत आली आहेत. त्याच भूमीत भजन आहे, दशावतार आहे, ख्रिस्ती समाजाचा तियात्र आहे आणि पाश्चात्त्य संगीतही आहे. या सगळ्यांसाठी १९७० मध्ये कला अकादमी ही संस्था स्थापन झाली. तिची पणजीतील वास्तू कोरियांनी केली आणि ती १९८३ मध्ये पूर्ण झाली.

जागा कांपाल भागातली. एका बाजूला वाहता रस्ता, दुसऱ्या बाजूला मांडवी नदी आणि मध्ये जुनी झाडे. दुसऱ्या एखाद्याने इथे सहा मजली नाट्यगृह उभे केले असते आणि नदी त्याच्या पाठीमागे झाकून टाकली असती. कोरियांनी इमारत बुटकी ठेवली, झाडांच्या उंचीच्या आत. रस्त्याच्या बाजूला भव्य दरवाजा नाही. वर काँक्रीटच्या पट्ट्यांचा मांडव, त्यातून झिरपणारा उजेड आणि खाली मोकळी सावली. त्या सावलीतून माणूस चालत चालत थेट नदीकाठी पोहोचतो. तिकीट काढलेले असो वा नसो! रस्त्यापासून नदीपर्यंतची ही वाट म्हणजेच त्या इमारतीचा जीव.

गोव्यातल्या जुन्या घरांसमोर बाल्कांव असते, म्हणजे दाराबाहेरची दोन्हीकडे बाके असलेली जागा. संध्याकाळी तिथे बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायचे. धड घरात नाही, धड रस्त्यावर नाही. निवृत्तीनंतर मी कला अकादमी पाहायला गेले होते, तेव्हा मला वाटले की हे साऱ्या पणजी शहराचे बाल्कांवच आहे. कोणी तालमीला आलेले, कोणी सतार पाठीला लावून क्लासला निघालेले, कोणी नुसतेच कठड्यावर बसून नदी बघत असलेले. कोणाला कोणी हटकत नव्हते.

भिंती तिथल्याच जांभ्या दगडाच्या आहेत, ज्याला गोव्यात चिरा म्हणतात. जमिनीतून काढताना हा दगड मऊ असतो, म्हणून सहज कापता येतो आणि हवा लागली की तो कठीण होत जातो. कोकण-गोव्यातली घरे पिढ्यान्‌पिढ्या याच दगडाने बांधली गेली. पुण्यात ‘आयुका’ची वास्तू कोरियांनीच केली. तिथे त्यांनी सह्याद्रीचा काळा दगड वापरला आणि मधोमध कुंडासारखा पायऱ्यांचा चौक केला. त्यात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. अहमदाबादला वीट, पुण्याला काळा दगड, गोव्याला चिरा. माणूस तोच, पण प्रत्येक गावी त्याने त्या गावचीच भाषा बोलली.

आत सुमारे हजार प्रेक्षकांचे दीनानाथ मंगेशकर कला मंदिर आहे. मास्टर दीनानाथ मूळचे मंगेशीचे, तेव्हा या नावाचे औचित्य वेगळे सांगायला नको. याच नाट्यगृहाच्या भिंतींवर मारिओ मिरांडा यांनी जुन्या नाट्यगृहातले सज्जे रंगवले आणि त्यांत प्रेक्षक बसवले. गोव्यातलीच नाना तऱ्हेची माणसे! म्हणजे प्रयोगाला चार टाळकी आली तरी नाट्यगृह रिकामे दिसत नाही. बाहेर सुमारे दोन हजार प्रेक्षक बसतील असा खुला रंगमंच. शिवाय प्रायोगिक नाटकांसाठी छोटे दालन आणि संगीत, नृत्य, नाट्य यांचे वर्ग. केसरबाई केरकरांच्या स्मृतीचा संगीत समारोह, भजनाच्या स्पर्धा, मराठी आणि कोकणी नाटकांच्या स्पर्धा, तियात्र, सारे याच संस्थेचे उपक्रम. गावाकडून टेम्पोत बसून आलेल्या भजनी मंडळाला आणि पाश्चात्त्य संगीताच्या श्रोत्याला एकाच दाराने आत घेणारी वास्तू बांधणे सोपे नव्हे.

आता या गोष्टीचा दुसरा भाग सांगणे आले, आणि तो तितका गोड नाही.

समुद्राजवळ काँक्रीटला एक शत्रू असतो, तो म्हणजे खारी हवा. मांडवीचे पाणी पणजीजवळ खारेच. हा खार काँक्रीटमध्ये मुरत जातो, आतल्या सळ्यांना गंज चढतो, गंजाने सळी फुगते आणि वरचे काँक्रीट तडकून सुटते. मग त्या फटीतून पावसाचे पाणी आत शिरते आणि दुखणे वाढते. यावर उपाय एकच, वेळच्या वेळी देखभाल. आपल्याकडे उद्घाटनाला हार-तुरे असतात, देखभालीला नसतात.

२०१९ मध्ये खुला रंगमंच पाडण्याचा विचार सरकारकडून बोलून दाखवला गेला, तेव्हा कलाकार, वास्तुशिल्पी आणि सामान्य पणजीकर त्याविरुद्ध उभे राहिले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढेही गेले. कोरिया हे पाहायला नव्हते, ते २०१५ मध्ये गेले. मारिओही २०११ मध्येच गेले होते. पाडणे टळले आणि २०२१ पासून वास्तू नूतनीकरणासाठी बंद झाली. काम चालू असतानाच जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचावरचे छत कोसळले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये वास्तू पुन्हा उघडली, पण ध्वनी, प्रकाशयोजना, गळती याबद्दल कलाकारांच्या तक्रारी सुरूच राहिल्या. ज्यांनी या रंगमंचावर आयुष्य काढले ते सांगत होते की दुरुस्तीआधी आम्हाला विचारले असते तर बरे झाले असते.

इथे मला दोन्ही बाजू दिसतात. जुनी इमारत जशीच्या तशी काचेच्या पेटीत ठेवता येत नाही. गळते छत कौतुकाने थांबत नाही. नवी यंत्रे लागतात, अपंग आणि वृद्ध प्रेक्षकांची सोय लागते. (माझे गुडघे याला साक्ष आहेत!) कोरियांनीही साबरमतीला वाढीसाठी जागा राखलीच होती. तेव्हा बदल करू नये असे कोणी म्हणत नाही. प्रश्न आहे तो कोणाला विचारून बदल करायचा हा. वास्तू बांधताना जसा पाऊस, दगड आणि माणसे यांचा विचार झाला, तसाच तो दुरुस्तीच्या वेळीही व्हायला हवा. तिथे गाणाऱ्याला आवाज कुठे घुमतो ते ठाऊक असते. पडदा ओढणाऱ्याला दोरी कुठे अडकते ते ठाऊक असते. हे ज्ञान निविदेच्या कागदांत सापडत नाही.

गोव्यातल्या कलाकारांनी या लढ्यासाठी जो गट केला त्याचे नाव त्यांनी ‘कला राखण मांड’ असे ठेवले. राखण म्हणजे सांभाळ. मांड म्हणजे गोव्याच्या गावातली ती ठरलेली जागा, जिथे पौषात बायका धालो खेळतात, शिमग्याला गाव जमतो. मांडावर पायात वहाण घालून जात नाहीत. मांड कोणा एकाच्या मालकीचा नसतो आणि म्हणूनच तो राखणे हे सगळ्या गावाचे काम असते.

सरकारी खात्याने बांधलेल्या एका इमारतीला लोकांनी आपणहून मांड म्हणावे, यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र वास्तुशिल्पीला कोणते मिळणार? कोरियांना देशोदेशींचे सन्मान मिळाले, २००६ मध्ये पद्मविभूषणही मिळाले. पण इमारत मोडकळीला आल्यावर तिच्यासाठी भांडायला माणसे उभी राहिली, हे मला अधिक मोठे वाटते. आमच्या त्या गळक्या स्लॅबच्या वर्गासाठी कोणी भांडले नाही. तो पाडला तेव्हा गावातल्या कोणाला फारसे वाईट वाटल्याचेही आठवत नाही. जी इमारत आपल्याला विचारून बांधलेली नसते, ती गेल्याचे दुःखही आपल्याला विचारत येत नाही.

आता तुमच्या गावात नवे वाचनालय, ग्रामपंचायतीची कचेरी किंवा शाळेचा वर्ग होणार असेल तर नकाशा एकदा तरी मागून पाहा. पाऊस कोणत्या दिशेने झोडपतो, दुपारी सावली कुठे पडते, बायका-मुले कुठे थांबतात, आणि आधीपासून उभे असलेले झाड त्या नकाशात आहे की नाही, एवढे चार प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. विचारणारे दहा जण निघाले तर नकाशा बदलतो.

पणजीला गेलात तर कांपालला थांबा. नाटक असो नसो, त्या मांडवाखालून मांडवीपर्यंत एकदा चालत जा.