विहार आणि पवई

धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक हीं नांवें मुंबईकरांच्या तोंडीं नित्य असतात. परंतु त्या ठिकाणीं आज ओंजळभरहि पाणी नाहीं. एके काळीं हें शहर अशाच तळ्यांवर व विहिरींवर जगत असे. पाऊस चुकला कीं तीं आटत. १८५६ सालच्या टंचाईंत तर शहरांतील गुरें माहीमकडे हलवावीं लागलीं.

त्याच सुमारास, हेन्री कॉनिबेअर या इंजिनियरानें आंखलेल्या योजनेप्रमाणें, साष्टीच्या डोंगरांत विहार तलावाच्या कामास आरंभ झाला. मातीचे बांध घालून खोरें अडविण्यांत आलें आणि १८६० सालीं तेथील पाणी लोखंडी नळांतून, केवळ उताराच्या बळावर, शहरांत आलें. घागर घेऊन विहिरीवर ताटकळणाऱ्या गृहिणीला त्या दिवशीं काय वाटलें असेल, याची श्रोत्यांनींच कल्पना करावी!

परंतु शहराची तहान वाढतच होती. १८७९ सालीं तुळशी तलाव झाला. आणि दूरच्या तानसाचें पाणी येईपर्यंत तातडीची सोय म्हणून १८९१ सालीं विहारच्या खालच्या अंगास पवईचा तलाव बांधण्यांत आला.

येथून या दोन शेजारी तलावांचें दैव वेगळें झालें. पवईचें पाणी पिण्यास योग्य ठरलें नाहीं, आणि १८९२ सालीं तानसा आल्यावर त्याची तितकीशी गरजहि उरली नाहीं. लोक काठावर फिरावयास, गळ टाकून मासे धरावयास येऊं लागले. मागाहून वस्ती आली, सांडपाणी आलें, जलपर्णी माजली. महानगरपालिकेनें काठीं सायकलमार्ग बांधावयास घेतला, तो २०२२ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें बेकायदा ठरविला. विहार मात्र राष्ट्रीय उद्यानाच्या रानांत राहिला. तेथें सर्वांस मुक्तद्वार नाहीं; पण मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांत तो आजहि आहे.

ज्या तळ्याचें पाणी आपल्या घागरींत येतें त्याला आपण जपतों. ज्याच्या काठीं केवळ करमणूक करावयाची त्याचा लवकरच विसर पडतो. तथापि पवईच्या काठीं सायंकाळीं फिरावयास जाणाऱ्यानें एवढें ध्यानीं ठेवावें, कीं पावसाळ्यांत दोन्ही तलाव भरून वाहूं लागले म्हणजे त्यांचें पाणी एकाच मिठी नदींत मिसळतें, आणि ती नदी आपल्याच दारावरून समुद्राकडे जाते.