खोके कोणी उघडायचे?

घरगुती संगणकाचा गाजावाजा एका रिकाम्या खोक्यापासून सुरू झाला असे म्हटले तर तुम्हाला अतिशयोक्ती वाटेल. पण ते अक्षरशः खरे आहे. जानेवारी १९७५ च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर 'अल्टेअर ८८००' नावाचे यंत्र झळकले. त्याचा पहिला नमुना न्यूयॉर्कला पाठवताना वाटेतच गहाळ झाला होता. अंक तर काढायचाच होता! मग मुखपृष्ठासाठी पुढे दिवे आणि खटके लावलेला नुसता डबा तयार झाला आणि त्याचाच फोटो छापला गेला. आत काही नव्हते.

पुढच्याच वर्षी नेमके उलटे झाले. १९७६ च्या 'ॲपल-१' ला आतले सगळे होते, खोकेच नव्हते. ६६६.६६ डॉलर मोजले की हातात पडायचा तो जोडलेला बोर्ड. कीबोर्ड, वीजपुरवठ्याचा संच, टीव्ही हे गिऱ्हाइकाने आणायचे आणि डबा हवा असेल तर आपला आपण करायचा. कोणी लाकडाचा केला, कोणी सगळा संसार ब्रीफकेसमध्ये बसवला. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात अशीच एक लाकडी पेटी आहे. काम ओबडधोबडच आहे, पण मला ती फार आवडते. यंत्र आणि मालक यांच्यात कोणी तिसरा नाही!

हा तिसरा हळूहळू आला. १९७७ च्या 'ॲपल-२' ला जेरी मॅनॉकने प्लॅस्टिकचे देखणे कवच दिले, पण त्याचे झाकण तरी हाताने उचलता येत असे. १९८४ चा मॅकिंटॉश मात्र बंद. नेहमीच्या पेचकसाने त्याचे स्क्रू हलत नसत, वेगळ्या टोकाचा लांब पेचकस लागे. गंमत म्हणजे तो बनवणाऱ्या मंडळींच्या सह्या कवचाच्या आतल्या बाजूला साच्यातच उमटवलेल्या होत्या. सह्या केल्या आणि दार लावून घेतले, म्हणायचे!

आयबीएमने १९८१ मध्ये पोलादी पत्र्याचे खोके आणले, पुढे सगळ्यांनी तेच उचलले. धातूचे एक कारण तांत्रिक होते. संगणकातून निघणाऱ्या लहरींनी शेजारच्या रेडिओ-टीव्हीत खरखर होई आणि १९७९ साली अमेरिकी दळणवळण आयोगाने त्यावर नियम केले. पत्र्याची पेटी त्या लहरी अडवते. पण सगळी खोकी एकाच मळकट पांढऱ्या रंगाची का, याचे समाधानकारक उत्तर मला कधी पटले नाही. आपल्याकडे तर त्या खोक्यालाच 'सीपीयू' म्हणण्याची पद्धत पडली. खरा सीपीयू म्हणजे आतली एक चकती, बाहेरचा पत्रा नव्हे. असो.

खोके पुन्हा उघडले ते उष्णतेमुळे. १९९८ साली इंटेलचा 'सेलेरॉन ३००ए' आला. बोर्डाची गती ६६ मेगाहर्ट्झ, तिला साडेचारने गुणले की सुमारे ३००. पोरांनी ६६ चे १०० केले. साडेचारशे! स्वस्तातली चिप महागड्या चिपेच्या बरोबरीला. मात्र वेग वाढला की ताप वाढतो आणि डब्यातली गरम हवा बाहेर जायला वाट नाही. म्हणून वरच्या पत्र्याला भोक पाडून पंखा बसवायचा. त्यातच इंटेलने १९९५ मध्ये 'एटीएक्स' हे माप ठरवून दिलेले होते. बोर्डाच्या स्क्रूंच्या जागा नक्की असल्याने कोणीही घरच्या घरी बोर्डाला बसेल असा पत्रा कापू शकत होता. साचेबद्ध मापामुळे मनासारखे खोके करता आले, ही गोष्ट मला इतिहासाचा शिक्षक म्हणून विलक्षण वाटते.

भोकाची पुढची पायरी म्हणजे खिडकी. बाजूच्या पत्र्याचा चौकोन कापायचा आणि तिथे पारदर्शक ॲक्रिलिक बसवायचे. (लहरी अडवणाऱ्या भिंतीलाच खिंडार पडले, पण ते कोण बघतो!) ॲक्रिलिकचे मूळ १९३० च्या दशकात जर्मनी आणि इंग्लंडमध्ये आहे. लढाऊ विमानांच्या काचा त्याच्या असत. त्याचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत जाऊनही डोळा बिघडत नाही, हे हॅरॉल्ड रिडली या डॉक्टरने हेरले आणि १९४९ मध्ये मोतीबिंदूनंतर बसवायचे पहिले भिंग त्याचेच केले. माझ्या वयाच्या वाचकांनी त्याचे ऋण मानावे.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात पत्र्याचे काम करतो. वर्गात त्याला 'ढ' म्हणत. सनावळ्या त्याला कधी जमल्या नाहीत. २००३-०४ च्या सुमारास त्याच्याकडे महाविद्यालयातली मुले कॅबिनेट घेऊन येऊ लागली. काम कसे चालते ते मी त्याच्याकडे बसून पाहिले आहे. आधी आतले सगळे बाहेर काढायचे, कारण धातूचा एक कीस बोर्डावर राहिला तरी शॉर्ट होते. पत्र्यावर चिकटपट्टी लावून त्यावर आखणी, पंचाने खूण, मग होल-सॉ किंवा जिगसॉ, शेवटी कानस. ॲक्रिलिक पाट्या बनवणाऱ्याकडून उरलेसुरले तुकडे आणायचे. त्यावरचा कागद काम संपेपर्यंत काढायचा नाही. भोक पाडताना खाली लाकूड ठेवायचे आणि घाई करायची नाही, नाहीतर ड्रिल पलीकडे निघता निघता तडा जातो. वाकवायचे तर तापलेल्या तारेवर एकच रेघ मऊ करायची आणि गार होईपर्यंत हाताने धरून ठेवायचे. "सर, पत्रा चुकला तर ठोकून सरळ करता येतो. हे माफ करत नाही," तो म्हणाला. ज्याला आपण 'ढ' म्हणतो त्याची समज कुठे असते हे पाहायला शिक्षकांनी अधूनमधून असे कुठेतरी जाऊन बसावे.

अर्थात कारखानदार झोपलेले नव्हते. १९९८ च्या निळसर आयमॅकने आरपार दिसणारे कवच लोकप्रिय केले. २००० मध्ये ॲपलने ॲक्रिलिकच्या आवरणातला 'क्यूब' आणला. लोकांना त्यात तडे दिसले, कंपनी म्हणाली त्या साच्याच्या रेषा आहेत, आणि २००१ मध्ये उत्पादन थांबले. खिडकीवाली तयार कॅबिनेटेही बाजारात आली. त्याच्याकडची मुले कमी झाली. आता तो हॉटेलांची कामे करतो.

आज दुकानात बाजूला काच असलेलेच कॅबिनेट जास्त दिसतात. ॲक्रिलिकला ओरखडे पडतात म्हणून गेल्या दहाएक वर्षांत ही कडक केलेली काच आली. दिसते झकास. मात्र ती काच एकदा कडक केली की तिला नंतर भोक पाडता येत नाही. ड्रिल टेकवले की सगळ्या काचेचा एकदम चुरा होतो.