परम संगणकांच्या पिढ्या आणि पोर्टेबल सी

पुण्यातील महासंगणकांचा इतिहास बहुधा वेगाच्या आकड्यांतून सांगितला जातो. एका यंत्रासाठी लिहिलेले प्रोग्राम पुढच्या यंत्रावर कसे नेले गेले, हा त्यातील अधिक कष्टाचा भाग मात्र उपेक्षितच राहिला आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजेच सी-डॅकने, विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये सिद्ध केलेला ‘परम ८०००’ हा इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर या प्रोसेसरवर आधारलेला होता. १९९८ च्या ‘परम १००००’ मध्ये सन कंपनीचे अल्ट्रास्पार्क आले, नव्या शतकाच्या आरंभी बेंगळुरूत उभारलेल्या ‘परम पद्म’मध्ये आयबीएमचे पॉवर-४ आले आणि २००८ च्या ‘परम युवा’मध्ये इंटेलचे झिऑन. हवामानाचे किंवा द्रवगतीचे गणित तेच राहिले, पण त्याखालचे यंत्र सतरा वर्षांत किमान तीनदा मुळापासून बदलले.

मूळ प्रोग्राम फारसा न बदलता दुसऱ्या यंत्रावर चालावा, या गुणाला पोर्टेबिलिटी म्हणतात. सी भाषेत तिची खरी कसोटी बेल प्रयोगशाळेत लागली. स्टीव्ह जॉन्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही कार्यप्रणाली पीडीपी-११ या संगणकावरून इंटरडेटा ८/३२ या संगणकावर नेली आणि त्या अनुभवाचे विवेचन १९७८ मध्ये प्रसिद्ध केले. १९८९ च्या अमेरिकी प्रमाणकाने भाषेचे नियम निश्चित केले, तरी पूर्णांकाचा नेमका आकार ठरवणे कंपायलरवर, म्हणजे सीचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामवर, सोपवले. त्यामुळे ‘लाँग’ हा पूर्णांक ३२-बिटी युनिक्सवर चार बाइटांचा, ६४-बिटी युनिक्सवर आठ बाइटांचा आणि ६४-बिटी विंडोजवर पुन्हा चारच बाइटांचा असतो.

याहून फसवा फरक बाइटांच्या क्रमाचा आहे. चार बाइटांची संख्या साठवताना स्पार्क सर्वांत मोठ्या स्थानमूल्याचा बाइट आधी ठेवतो, तर इंटेलचा प्रोसेसर सर्वांत लहान स्थानमूल्याचा. स्पार्कवर लिहिलेल्या फाइलमधील १ ही संख्या झिऑनवर जशीच्या तशी वाचली, तर ती १,६७,७७,२१६ होते आणि तरीही प्रोग्राम कोणतीही तक्रार न करता पुढे चालू राहतो, हाच त्यातील खरा धोका आहे.

असे फरक हाताळण्याची रूढ रीत म्हणजे ‘इफडेफ’ ही सूचना, जिच्यामुळे कंपायलर प्रत्येक यंत्रासाठी मजकुराचा वेगळा तुकडा निवडतो. हे तुकडे प्रोग्रामभर विखुरले की कोणती वाट कोणत्या यंत्राची, हे लिहिणाऱ्यालाही उमगेनासे होते. हेन्री स्पेन्सर आणि जेफ कॉलियर यांनी १९९२ मध्येच या रीतीवर कठोर टीका केली, आणि ती आजही अचूक वाटते. फरक पुसता येत नाहीत. ते एका पातळ थरात गोळा करता येतात, एवढेच शक्य आहे आणि तेवढे पुरेसेही आहे.

समांतर संगणनात हा थर एमपीआयने पुरवला. १९९४ मध्ये निश्चित झालेल्या या प्रमाणकात संदेश पाठवताना मजकुराबरोबर त्याचा प्रकारही सांगावा लागतो, म्हणून भिन्न यंत्रांमधील रूपांतर लायब्ररीला, म्हणजे तयार फंक्शनांच्या भांडाराला, स्वतःच करता येते. अमेरिकेतील अरगॉन प्रयोगशाळेत विल्यम ग्रोप, युइंग लस्क आणि सहकाऱ्यांनी घडवलेल्या एमपिच या एमपीआय लायब्ररीत यंत्रनिरपेक्ष भाग वर आणि प्रत्यक्ष जोडणीचा लहानसा भाग खाली, अशी स्पष्ट विभागणी होती. सी-डॅकनेही ‘परमनेट’ या आपल्या जोडणीसाठी सी-एमपीआय ही स्वतःची लायब्ररी विकसित केली. ट्रान्सप्युटरच्या चार दुव्यांच्या रचनेशी बांधलेल्या प्रोग्रामिंगच्या तुलनेत ही मोठी मोकळीक होती, आणि तिचे मोल वेगाच्या विक्रमाहून कमी मानता येणार नाही.

त्यानंतरचा फरक ग्राफिक्स प्रोसेसरांचा आहे. २०२० मध्ये सी-डॅकने पुण्यात बसवलेल्या ‘परम सिद्धी-एआय’मध्ये एनव्हिडिया कंपनीचे ए-१०० हे ग्राफिक्स प्रोसेसर आहेत. या कंपनीची कूडा ही प्रणाली सीसारखी दिसते, परंतु मुळात तिच्याच प्रोसेसरांसाठी घडवलेली आहे. शिवाय या प्रोसेसरांची स्मृती मुख्य स्मृतीपासून वेगळी असते. एमपीआयच्या नव्या लायब्रऱ्या त्या स्मृतीतील पत्तेही स्वीकारतात आणि ते कोणत्या बाजूचे आहेत हे खालच्या थरात ओळखतात. त्यामुळे स्पार्कच्या काळात लिहिलेली संदेश पाठवण्याची ओळ त्याच रूपात आजही चालू शकते, जरी तिच्या भोवतीचा गणिताचा भाग कूडात नव्याने लिहावा लागत असला तरी.