लाल शाईवाल्यांची उन्हाळी शाळा

आता आपण १९७४ च्या उन्हाळ्यात, कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथल्या विद्यापीठात येऊ. नव्यानं दाखल होणाऱ्या कितीतरी मुलांना धड निबंध लिहिता येत नाही, अशी तिथे ओरड होती. खापर अर्थातच शाळामास्तरांवर! नेहमीचा उपाय काय? प्राध्यापकांनी भाषण द्यायचं, शिक्षकांनी टिपणं घ्यायची आणि घरी जायचं.

जेम्स ग्रे यांनी स्वतः शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. असल्या प्रशिक्षणावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांच्या 'बे एरिया रायटिंग प्रोजेक्ट'मध्ये चांगलं शिकवणारे शिक्षक निवडून बोलावले आणि त्यांनीच एकमेकांना शिकवायचं ठरलं. आम्हाला मात्र दुसरी अट जास्त मोलाची वाटते: लेखन शिकवणाऱ्यानं स्वतः लिहायचं, आणि गटात वाचून दाखवायचं. वर्षानुवर्षं लाल शाईनं वह्या रंगवणाऱ्यांनी आपलाच कच्चा मसुदा सहकाऱ्यांपुढे ठेवायचा, ही काय साधी गोष्ट झाली?

पुढे अमेरिकाभर अशी केंद्रं निघाली. १९९१ मध्ये त्यांना केंद्र सरकारचा पैसा मिळू लागला. २०११ मध्ये तो थेट निधी थांबला. उन्हाळी वर्ग मात्र चालू राहिले, पैसा दुसरीकडून जमवत.