एचआयव्ही-शुश्रूषा : अध्यात्म व लोकाश्रय

एचआयव्ही या विषाणूची लागण झालेल्या व्यक्तीस औषधोपचाराच्या जोडीने उपासना, संतपरंपरेची शिकवण, गणगोत, शेजार आणि समदुःखी मंडळी यांच्याकडून जो आधार मिळतो, किंवा मिळावयास हवा असून मिळत नाही, त्याचा विचार या नोंदीत केला आहे. हा विचार सामान्यतः मोठ्या शहरांतील इस्पितळे नजरेसमोर ठेवून होतो. परंतु भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील करडीसारख्या, धानाच्या बांध्यांनी वेढलेल्या आणि कोणाच्या घरी पाहुणा कधी आला व कधी गेला हे सर्वांस ठाऊक असणाऱ्या गावावरून पाहिले, तर प्रश्नाचे स्वरूप पालटते. शहरातील रुग्णास माणसे मिळत नाहीत. खेड्यातील रुग्णाभोवती माणसे असतात, आणि त्यांचीच त्यास धास्ती असते.

भारतात या विषाणूचे अस्तित्व 1986 साली चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन व त्यांच्या सहकारी डॉ. निर्मला यांच्या तपासणीतून प्रथम सिद्ध झाले; राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना 1992 साली स्थापन झाली. त्यानंतरचे दशक हे औषधे असूनही ती सामान्यांस परवडत नसल्याचे, म्हणजे व्यवहारतः निरुपायाचे होते, आणि त्या काळात अध्यात्माकडे मुख्यतः मरणाची तयारी याच अर्थाने पाहिले गेले. 1 एप्रिल 2004 रोजी निवडक सरकारी रुग्णालयांतून (त्यांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते) मोफत एआरटी (विषाणूरोधक) औषधे देण्यास आरंभ झाला, 2017 पासून रक्तातील सीडी-4 पेशींची संख्या न पाहता प्रत्येक बाधितास उपचार देण्याचे धोरण आले, आणि टेनोफोविर, लॅमिवुडिन व डोल्यूटेग्रावीर या तिन्ही औषधांची एकच गोळी रोज घेऊन रक्तातील विषाणूंचे प्रमाण मोजता न येण्याइतके खाली ठेवणे शक्य झाले. असे प्रमाण टिकून राहिल्यास लैंगिक संबंधातून दुसऱ्यास लागण होत नाही. मरणाशी निगडित असलेला रोग याप्रमाणे नेमाचा रोग झाला. आणि नेम ही गोष्ट मराठी माणसास पोथी, वारी व एकादशी यांमुळे पिढ्यान्‌पिढ्या परिचयाची आहे. ठरल्या वेळी, अंगात बरे असो वा नसो, लोक काय म्हणतील याची पर्वा न करता करावयाची गोष्ट, हा नेमाचा अर्थ वैद्यकाच्या परिभाषेतील औषध-सातत्यापाशी जितका येतो, तितका समुपदेशनाच्या पत्रकांतील कोणताही शब्द येत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

बाधितांस आधार देण्याच्या कामास महाराष्ट्रात पूर्वपीठिका होती. कुष्ठरोग्यांस गावकुसाबाहेर काढणाऱ्या याच समाजात मनोहर दिवाण यांनी 1936 साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठधाम उभारले, बाबा आमटे यांनी 1949 साली महारोगी सेवा समिती स्थापून वरोड्याजवळ आनंदवन वसविले, आणि गाडगे महाराजांनी कीर्तनातून जमविलेला पैसा देवळांऐवजी धर्मशाळांस लावला. पंढरपुरात मंगलताई शहा यांनी प्रभा-हिरा प्रतिष्ठानच्या वतीने 2001 साली सुरू केलेला ‘पालवी’ हा एचआयव्हीबाधित मुलांचा प्रकल्प त्याच मार्गावरचा. आईबाप गमावलेल्या आणि नातलगांनी गोठ्यात टाकून दिलेल्या दोन लहान मुलींपासून त्याचा आरंभ झाला. भेदाभेद अमंगळ मानणाऱ्या वारकरी संप्रदायाच्या क्षेत्रीच हे घडावे, यात जितका विरोधाभास आहे तितकेच औचित्यही आहे. लातूर जिल्ह्यातील हासेगाव येथे रवी बापटले यांनी 2007 साली उभारलेल्या ‘सेवालय’ची कथा अधिक कठोर आहे : तेथील मुलांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत बसण्यास 2009 साली गावातील पालकांनी हरकत घेतली आणि सरकारी यंत्रणेस मध्ये पडावे लागले. लोकाश्रय ही स्वयंभू वस्तू नसून ती कष्टाने, आणि प्रसंगी भांडून, मिळवावी लागते, याचा हा दाखला होय.

भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात समुदाय जमण्याचे प्रसंग थोडे नाहीत. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्र-रात्र दंडार व खडी गंमत चालते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (1909–1968) प्रेरणेने सुरू झालेली सामुदायिक प्रार्थना विदर्भातील असंख्य गावांत आजही होते. आणि नागपुरात बाबा जुमदेव यांनी स्थापिलेल्या परमात्मा एक सेवक मंडळाचा, व्यसनमुक्तीवर भर देणारा, अनुयायीवर्गही याच प्रदेशात मोठा आहे. दारूमुळे गोळ्यांचा नेम मोडतो हे ध्यानी घेतल्यास व्यसनमुक्तीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. परंतु खरी गोम निराळीच आहे. आधार मागावयाचा तर आधी सांगावे लागते, आणि सांगणे हीच रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत महाग गोष्ट असते; विशेषतः नवऱ्याकडून लागण होऊन वैधव्य आलेल्या आणि सासरी दोषाची धनीण ठरलेल्या स्त्रीस. म्हणून समुदायाचे जे प्रकार माणसास त्याची हकीकत विचारत नाहीत तेच येथे अधिक उपकारक होतात. प्रार्थनेच्या रांगेत बसणाऱ्यास तो कशासाठी आला हे कोणी पुसत नाही. दिंडीत टाळ देताना कोणी रक्ताचा अहवाल मागत नाही. न सांगता सामील होता येणे ही या परंपरेची देणगी होय, आणि समुपदेशकांनी तिची पुरेशी दखल घेतलेली नाही.

पाश्चात्त्य संशोधनाचा कौलही सावधपणे का होईना उपासनेच्या बाजूस आहे. अमेरिकेतील मायामी विद्यापीठाच्या गेल आयरनसन व सहकाऱ्यांनी 100 बाधितांचा चार वर्षे मागोवा घेऊन 2006 साली असे मांडले की, निदानानंतर ज्यांची धार्मिकता वा अध्यात्मवृत्ती वाढली त्यांच्यातील रोगाची प्रगती मंदावली. मात्र संख्या लहान असल्याने त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. त्याच क्षेत्रातील अभ्यासांत देवावरील विश्वास आणि देवाने शिक्षा केली ही भावना या दोहोंचे परिणाम परस्परविरुद्ध दिसतात, आणि आपल्याकडे दुसरी भावना कर्मभोगाच्या भाषेत सहज प्रकट होते. ‘पूर्वजन्मीचे फळ’ असे म्हणून जो कीर्तनकार रुग्णास समजावतो तो त्याचे सांत्वन करीत नाही, त्याच्यावर आरोप ठेवतो. अंगारा, ताईत वा ‘बाहेरची बाधा’ काढणाऱ्या भगताच्या भरवशावर गोळ्या बंद करणे तर प्राणघातकच. औषध मध्येच सोडल्याने विषाणू पुन्हा वाढतात व प्रतिकारकही बनू शकतात. उपासना औषधासोबत चालते, औषधाऐवजी नाही.

सरकारी बाजूस रक्ततपासणी व समुपदेशनाची केंद्रे, जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथक (बोलीत ‘डापकू’), आणि 10 सप्टेंबर 2018 पासून अंमलात आलेला, भेदभावास व संमतीवाचून गुपित फोडण्यास मनाई करणारा 2017 चा कायदा अशी तजवीज आहे. संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान मिळू शकते, एसटीचा प्रवासही मोफत आहे. फक्त त्यासाठी वाहकास ओळखपत्र दाखवावे लागते, आणि गावाकडच्या गाडीत ते दाखविण्यापेक्षा भाडे भरून मोकळे होण्याचा मोह कोणास होणार नाही? रोवणीच्या दिवसांत मजुरी बुडवून गोळ्यांसाठी एआरटी केंद्रावर जाणे त्याहून अवघड. अशा वेळी समदुःखी मंडळींपैकी एखादा, ज्याने आपली लाज केव्हाच गिळली आहे, तो केंद्राची परवानगी घेऊन स्वतःबरोबर इतर दोघा-तिघांच्याही गोळ्या आणून देतो. पिशवीत काय आहे हे वाटेत कोणी विचारले, तर तो बीपीच्या गोळ्या म्हणून सांगतो.